खुर्चीचा पाय

शाळेत त्यांना भोंगासर म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. शिकवायचे भूगोल, पण भूगोलासाठी त्यांना कुणी ओळखत नसे. सकाळची पहिली घंटा झाली की कार्यालयाशेजारच्या चिंचोळ्या खोलीत ते माइकसमोर बसत, घसा खाकरत, आणि मग वर्गावर्गातल्या नि जिन्यांतल्या कर्ण्यांमधून त्यांचा आवाज साऱ्या शाळेवर पसरत असे. पटांगणातला कर्णा जरा जास्तच दमदार होता. त्यामुळे रस्त्यापलीकडच्या दुकानदारांनाही, शाळेत न जाता, रोजच्या सूचना ऐकाव्या लागत.

आधी रटाळ सूचना व्हायच्या: टाकी धुणार आहेत, सायकली भिंतीला टेकवू नका, कुणाचा तरी चष्मा सापडलाय. मग विद्यार्थ्यांचं यश, आणि शेवटी वरच्या वर्गांसाठी पुढच्या संधी, म्हणजे कुठे प्रशिक्षणाच्या जागा निघाल्या आहेत, कुठले लोक माहिती द्यायला शाळेत येणार आहेत. टाकी आणि सायकली सर एका दमात उरकत. यशाकडे आले की त्यांच्या अंगात यायचं. शर्यतीत चौथा आलेला मुलगा त्यांच्या तोंडून 'पदकाच्या उंबरठ्यावर पोचलेला धावपटू' होऊन बाहेर पडे. निबंधाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेली मुलगी 'परीक्षकांच्या नजरेत भरलेली लेखिका' व्हायची. खोटं ते बोलत नसत, खऱ्याला फक्त कडक इस्त्री करत. मुलं खूश, आईबाप खूश आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्याही खूश. इतकी माणसं खूश असली की आपलं काही चुकतंय असा संशय माणसाला येत नाही.

त्या सोमवारी कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या कार्यशाळेचा मेल आला होता. मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला ही कार्यशाळा होती. तिथे अधूनमधून दोन शिकाऊ मुलं घ्यायचे, शिकवायचे, आणि शिकून झालं की कामावरच ठेवून घ्यायचे. अशी जागा म्हणजे जन्माची चिंता मिटली. शंभरावर अर्ज गेले होते. त्यातून आठ जणांना परीक्षेला बोलावलं होतं, आणि त्या आठांत आपल्या शाळेतली शेवटच्या वर्गातली चिमटी होती.

चिमटी हे तिचं वर्गातलं नाव. बोटात कुसळ गेलं, डोळ्यात कचरा गेला, साखळीचा आकडा अडकला की सगळे तिला हाक मारत. दोन बोटांनी ती काहीही सोडवायची. स्वतः मात्र दहा वाक्यांच्या जागी एक बोलायची.

सरांनी मेल पूर्ण वाचला होता, हे मुद्दाम सांगायला हवं. शुक्रवारी परीक्षा आहे, आठांतून दोघंच घेणार, हेही त्यांनी वाचलं. पण 'परीक्षेला बोलावलंय' ही काय घोषणा झाली? त्यात ना नाद ना झोक. माइक सुरू झाला, घसा खाकरला गेला, आणि सरांनी चिमटीचं पूर्ण नाव घेऊन सांगून टाकलं की शंभरावर अर्जांमधून आपल्या शाळेच्या कन्येची तिथे निवड झाली आहे, आता तिचे हात कित्येकांना पायावर उभे करतील. पायावर उभे करतील हे त्यांना बोलता बोलता सुचलं, आणि सुचल्याचा आनंद त्यांना दुसऱ्या तासापर्यंत पुरला.

मधल्या सुट्टीत चिमटी शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"सर, माझी निवड झालेली नाही."

"म्हणजे?"

"परीक्षेला बोलावलंय. शुक्रवारी. दोघंच घेणार आहेत."

"ते वाचलं गं मी. पण शंभरातून आठात येणं म्हणजे निवडच की."

"नाही सर," चिमटी म्हणाली.

तिच्या 'नाही'त उद्धटपणा नव्हता. कुसळ कुठे गेलंय ते दाखवावं तसं तिनं ते दाखवलं. सर जरा ओशाळले. उद्या दुरुस्ती सांगतो म्हणाले, आणि त्यांच्या मनात ती सांगायचीही होती.

पण शाळा सुटताना फाटकापाशी त्यांना चिमटीची आई भेटली. शाळेसमोर तिचं कॉपी काढायचं आणि बाइंडिंगचं दुकान होतं. घरात मायलेकी दोघीच. मशीनच्या काळ्या पुडीनं माखलेले हात फडक्याला पुसत ती घाईघाईनं रस्ता ओलांडून आली.

"सर, मशीन बंद करून ऐकलं मी. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं थांब बाबा जरा, माझ्या पोरीचं नाव घेतायत."

"गुणी मुलगी आहे, ताई."

"कोपऱ्यावरच्या औषधवाल्या भाऊंकडे सुट्टीपासून तिला काउंटरवर ठेवायचं ठरलं होतं. आत्ताच जाऊन सांगून आले, तुम्ही दुसरं कुणी बघा. ते पण म्हणाले, पोरीनं नशीब काढलं."

खरं सांगायची वेळ तीच होती. सरांनी तोंड उघडलंही. पण बाई हसत होत्या, आणि त्यांना इतकं हसताना सरांनी कधी पाहिलं नव्हतं. उघडलेल्या तोंडातून पुन्हा एकदा 'गुणी मुलगी आहे' एवढंच बाहेर पडलं.

रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमटीला जिन्याखाली गाठलं. विचार कसला, पळवाटच ती, पण शिकलेल्या माणसाला पळवाटही विचारासारखी दिसते.

"हे बघ, शुक्रवारी तुझी निवड होणारच आहे. तुझ्यासारखे हात त्यांना दुसरे मिळायचे नाहीत. मग मधल्या चार दिवसांसाठी दुरुस्ती कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आईला तरी सांगते, सर."

"आईला तर मुळीच नको. केवढी आनंदात आहे ती. शुक्रवारनंतर सगळं खरंच होणार आहे, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?"

चिमटी पायरीच्या कडेकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली. मोठ्यांचं ऐकणारी मुलगी होती ती. यात तिचं चुकलं असं कुणी म्हणत असेल तर पोरांनी ऐकावं तरी कुणाचं, हेही त्यानंच सांगावं.

सरांचं ओझं उतरलं. आठवडा बरा गेला. बुधवारी चाचणीच्या प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला ते स्वतःच समोरच्या दुकानात गेले. एरवी शिपायाला पाठवायचे, पण ज्या घरात आपल्यामुळे आनंद आलाय तिथे जरा डोकावावंसं वाटतं. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची आडवी ठेवली होती, आणि तिच्या एका पायाला वरपासून खालपर्यंत जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. एकावर एक, अर्ध्या अर्ध्या सरकवून, कुठे सुरकुती म्हणून नाही.

"आमच्या खुर्चीचा पाय मोडलाय, सर," बाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलंय. रोज सोडतात आणि रोज बांधतात. खुर्चीला आता चालवत शाळेत नेतील."

सर मनापासून हसले.

"कामावर जायच्या आधी हात बसवतेय म्हणाली. मी म्हटलं, अगं, माझ्या पायावर कर. तर म्हणते नको, तू हलतेस. जन्म दिला तेव्हा हलले नाही, आता हलतेय."

सर याच्यावरही हसले. कॉपीचं मशीन घरघरत होतं, कागद गरम गरम बाहेर पडत होते, आणि त्या खुर्चीकडे दुसऱ्यांदा बघावं असं त्यांना काही वाटलं नाही.

शुक्रवारी चिमटी शाळेत आली नाही. सोमवारी सकाळी कार्यशाळेचा मेल आला. त्यात दोन नावं होती, आणि चिमटीचं नव्हतं.

सरांनी तो मेल पुन्हा वाचला, पण मेलला इस्त्री चालत नाही. त्या दिवशी त्यांनी टाकी आणि सायकली वाचल्या, यश काही नाही म्हणाले आणि माइक बंद केला. मग तिला शोधत निघाले. ग्रंथालयात खिडकीशी ती एका फाटक्या पुस्तकाचं पान चिकटवत बसली होती. ग्रंथपालबाई तिला अशी कामं आवडीनं देत.

"कळलं?" सरांनी विचारलं.

"तिथेच कळलं होतं."

"झालं काय पण?"

चिमटीनं पान दाबून धरलं होतं. ते सुकेपर्यंत तिला हलता येत नव्हतं, म्हणूनच बहुतेक ती एवढं बोलली.

"प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळून पायाचा साचा काढायचा होता. तिथे काम करणारे एक काका बसले होते, त्यांच्या पायावर. मी हात लावला तर पाय गरम होता, सर. मी तशीच गुंडाळायला लागले. मग ते जरासे हलले, म्हणून मी अजून घट्ट ओढलं. ते म्हणाले, पोरी, रक्त थांबेल माझं. खुर्ची कधी असं बोलत नाही ना, सर. मग माझा हातच चालेना."

"काय म्हणाले ते लोक?"

"तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, हात चांगला आहे, पण जिवंत माणसावर कधी केलेलं दिसत नाही. घरी कुणी नाही का?"

"मग?"

"मी म्हटलं, आई आहे."

सर समोरच्या बाकावर बसले.

"आईच्या पायावर का नाही केलंस गं?"

"तिच्यासमोर तेवढा वेळ बसले असते तर ती बोलत राहिली असती. कामावर कधीपासून, काय काय शिकवतील. मला खोटं बोलता येत नाही, सर. तोंडातून निघून गेलं असतं. तुम्ही सांगायचं नाही म्हणाला होतात."

ती तक्रार करत नव्हती. तक्रार केली असती तर सरांना सोपं गेलं असतं. आपण या मुलीचं नुकसान केलं, आणि तिचं भलं करतोय असं समजत केलं, हे त्यांना त्या बाकावर पहिल्यांदा स्वच्छ दिसलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"आईला अजून माहीत नाही?"

"शुक्रवारी तिथे बोलावलंय एवढंच सांगितलं होतं. कागदपत्रं द्यायला असेल, असं तिचं तिनंच धरलं."

"तू इथेच थांब. मी सांगतो त्यांना."

रस्ता ओलांडता ओलांडता त्यांनी वाक्यं जुळवायला घेतली. थोडक्यात हुकली. परीक्षकांनी कौतुक केलं. पुढच्या वेळी जागा पक्कीच समजा. तीस वर्षांची सवय ती, तिला रस्त्याच्या मधोमध सोडून जाता येत नाही. दुकानात एक गिऱ्हाईक होतं. ते जाईपर्यंत सर प्रतींचे गठ्ठे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ताई, चिमटीची निवड झालेली नाही. गेल्या सोमवारी पण झाली नव्हती. तिला फक्त परीक्षेला बोलावलं होतं. मी चुकीचं सांगितलं. ती त्याच दिवशी सांगायला आली होती. मीच तिला गप्प बसायला लावलं. तुम्हालाही सांगू नको म्हणालो."

बाईंनी मशीन बंद केलं. पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"शुक्रवारी परीक्षा होती?"

"हो."

"कसली?"

"पायावर प्लास्टर गुंडाळायची."

बाईंची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली. पट्ट्या अजून तशाच होत्या. सरांना वाटलं, आता औषधवाल्याकडच्या हुकलेल्या नोकरीचं काढतील, आणि त्यासाठी त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, भाऊंना जाऊन भेटतो म्हणून. पण बाईंनी नोकरी काढलीच नाही.

"आठवडाभर पोरीनं धड चार घास खाल्ले नाहीत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं आनंदानं भूक मेली. मी आपली तिला चिडवतेय, साहेबीण झालीस, आता घरचं गोड लागत नाही."

"ताई, चूक माझी आहे."

"ती तर आहेच." बाईंचा आवाज चढला नाही. "निवड झाली नाही ते ठीक आहे, सर. शंभरातल्या दोन पोरांत माझीच असायला पाहिजे असं कुठे आहे. पण घरात माझे दोन पाय होते. दिवसभर या मशीनपाशी उभे असतात. संध्याकाळी तिनं हात लावला असता तर बरंच वाटलं असतं त्यांना. आणि माझी पोर खुर्चीच्या पायाशी बसली."

सरांनी आता त्या खुर्चीकडे नीट बघितलं.

"तुम्ही तिचं वाईट चिंतलं नाहीत, ते कळतं मला," बाई म्हणाल्या. "पण भोंग्यावर सांगितलंत ना, आता भोंग्यावरच सांगा. झालं तेवढंच. एक शब्द जास्तीचा नको."

संध्याकाळी सरांनी चिमटीला विचारलं, नाव घेऊ की नको. ती म्हणाली, तेव्हा घेतलंत, आता गाळलंत तर लोक मलाच विचारत बसतील.

मंगळवारी सकाळी माइकसमोर बसल्यावर सरांनी घसा खाकरला नाही. टाकी झाली, सायकली झाल्या. मग चिमटीचं पूर्ण नाव घेऊन ते म्हणाले, "हिची निवड झाली असं मी गेल्या सोमवारी सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. तिला परीक्षेला बोलावलं होतं. तिनं त्याच दिवशी येऊन माझी चूक सांगितली, तरी मी ती सुधारली नाही, आणि तिला कुणाला सांगू नकोस म्हणालो. परीक्षा शुक्रवारी झाली. तिची निवड झालेली नाही. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी आहे. ज्यांना द्यायची आहे त्यांनी कार्यालयातून अर्ज घ्यावा." एवढं बोलून त्यांनी बटण दाबलं.

बाहेर मोठ्या बाई उभ्या होत्या. "अहो, एवढं उघड्यावर कशाला सांगायचं? तिला बोलावून समजावता आलं असतं की."

"चुकीचं सांगितलं तेही उघड्यावरच होतं, बाई," सर म्हणाले.

दिवसभर मुलं त्यांच्याकडे जरा बिचकून बघत होती. शाळा सुटल्यावर ते औषधवाल्या भाऊंकडे गेले. ती जागा केव्हाच भरली होती, आणि भाऊंनी तसं सरळ सांगितलं. तिथून सर कॉपीच्या दुकानाकडे वळले, जागा गेल्याचं निदान आपल्या तोंडानं सांगावं म्हणून.

दुकानात निराळाच कारभार चालला होता. बाई स्टुलावर बसल्या होत्या. डाव्या पायावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत ओलं पांढरं प्लास्टर, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला त्या बसल्या जागेवरून सांगत होत्या, झाकण उघडा, कागद उलटा ठेवा, हिरवं बटण दाबा, आज स्वतःच्या हातानं काढा. चिमटी जमिनीवर बसून बादलीत हात धूत होती. प्लास्टरच्या पट्ट्या भाऊंकडूनच आल्या होत्या, पण सर तिथे गेले तेव्हा भाऊ त्याबद्दल काही बोलले नव्हते.

सरांनी जागेचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं.

"राहू दे. सहा महिने इथे बाइंडिंग करील. सकाळी ऐकू आलं, सर. नीट ऐकू आलं."

"बरं," सर म्हणाले आणि निघायला वळले.

"निघालात कुठे? बसा. पायताण काढा, पँट वर करा."

"मी?"

"मग काय. माझा पाय तर आहेच, पण एकाच पायावर शिकून भागतं का? माणूस वेगळा, पाय वेगळा. तुमचा द्या."

सर आता सरळ उभ्या केलेल्या त्या लाकडी खुर्चीवर बसले. भर दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. एक विद्यार्थी पुस्तकाच्या प्रती काढायला आला आणि दारातच थबकला. बाईंनी त्यालाही हिरवं बटण दाखवलं.

चिमटीनं पायाला क्रीम लावलं, पातळ मोजा चढवला, पट्टी पाण्यात बुडवून पिळली आणि गुंडाळायला सुरुवात केली. घोट्यापासून वर, अर्धी अर्धी सरकवत. गार ओली पट्टी होती ती, मग हळूहळू कोमट व्हायला लागली. ती खाली मान घालून काम करत होती, आणि तिचे हात एवढे सराईत दिसत होते की सरांच्या जिभेवर दोन-तीन वाक्यं येऊन बसलीसुद्धा.

पोटरीपर्यंत आल्यावर ती थांबली. तिनं मान वर केली.

"सर, घट्ट झालंय का?"

"छे छे, अगदी..." सर म्हणाले, आणि थांबले.

ती बघत होती. बाईही बघत होत्या. सरांनी डोळे मिटून आपला पाय नीट ऐकला.

"हो," ते म्हणाले. "घोट्यापाशी घट्ट झालंय. आतल्या बाजूला दुखतंय थोडं."

चिमटीनं मान हलवली. पट्टी सोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.